मागचं बोट नसलेलं पाखरू

९ सप्टेंबर

बाबा,

हे पत्र मी तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तेव्हा नाही जमलं, मग पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या. दर वेळी काहीतरी कारण होतं. पेन नव्हतं, पत्ता बदलणार होता, ताप आला होता. ताप खरा होता. बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे. मला बस म्हटलं की तेवढ्यात मला पाय फुटतात, म्हणून तर तुम्ही मला भिंगरी म्हणायचात.

वहिनी, हे तूच वाचून दाखवत असणार. सरळ वाच, शाळेतल्यासारखं सुरात नको. आणि दादा घरी असेल तर तो सायकलच्या दुकानात जाईपर्यंत थांब. तो मध्ये बोलेल.

तर बाबा, मी बरी आहे. मधल्या काळात मी मांडव घालणाऱ्यांकडे होते, लॉजमध्ये चादरी मोजल्या, नावेच्या तिकीटखिडकीत बसले. छापखान्यातही होते. तिथं पानं दुमडायचं काम होतं, पण मी दुमडायच्या आधी वाचत बसायची, आणि एका पुस्तकात कोण मेलं ते कळेना म्हणून तेवीस प्रती उलगडल्या. तिसऱ्या आठवड्यात मालकांनी हात जोडले. ते असो.

आता मी एका बंद पडलेल्या विमानतळावर आहे. विमानं गेली, धावपट्टी राहिली, तिच्या फटींतून गवत आलंय. बाजूला मोठा माळ आहे. आम्ही मनोऱ्याच्या खालच्या खोलीत राहतो. पूर्वी तिथं सामान वजन करायचे, तो काटा अजून चालतो. त्यावर उभी राहून मी रोज दात घासते आणि रोज वेगळं वजन येतं. आम्ही म्हणजे मी आणि बाई. बाई पाखरांवर शिकलेल्या आहेत, मोठ्या पदवीच्या, पण चहा स्वतः करतात. त्यांनी मला रोजावर ठेवलंय. पहाटे माळावरून सरळ रेषेत चालायचं आणि पायाखालून काय उडतं ते लिहायचं. पाखरं मोजायची. धरायची नाहीत. हसलात ना?

आता खरं सांगते, पत्र का लिहिलं ते. या माळावर गोदामं बांधायची आहेत. बांधकामवाल्यांच्या कचेरीतून तीन ऑक्टोबरला एक तपासनीस येणार. बाई त्यांना दाखवतील की इथं कुठली पाखरं घरटी करतात. येऊन-जाऊन राहणारी असतील तर माळ गेला, दुसऱ्या दिवशी यंत्रं येणार. कायमची राहणारी, दुर्मीळ असतील तरच वाचेल. आणि बाईंच्या यादीत फक्त लावा आहे. तो हंगामात येतो, हंगामात जातो.

पण पहिल्याच संध्याकाळी मी तिला ऐकलं. तीनबोटीला. आधी दोन-तीन वेळा हुंकार, मग लांब कुठेतरी मोटारसायकल चालू ठेवून कुणी विसरलंय असा घुर्रर्र आवाज. इथला राखणदार तीन दिवस ती मोटारसायकल शोधतोय. कुंपणाला फेऱ्या मारून मारून त्याचा गुडघा सुजला.

मी बाईंना सांगितलं. पुस्तकात तिला दुर्लावा म्हणतात, बारमाही एका जागी राहणारं पाखरू. त्यांनी पान काढून दाखवलं, या भागात चाळीस वर्षांत कुणी पाहिलेला नाही. कुणी शिकवलं विचारलं, तर मी म्हटलं, माहीत आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "माहीत असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं." रागानं नाही. तपासनिसांनी मात्र फोनवर सांगितलं की न शिकलेल्या मुलीचा कान हा पुरावा होत नाही.

म्हणून मी आता तुमच्यासारखी राख घालणार आहे, पाखरांच्या पायवाटेवर, ठसे उमटायला. बेकरीवाल्याकडून भट्टीची राख आणली. तो विचारत होता, भांडी घासता का अजून?

रानातल्या तीनबोटींना बोलवायला तुम्ही पाळलेली ती हाकेची मादी पिंजऱ्यातून गेली, त्याबद्दल तुम्ही मला बोललात. पिंजऱ्याची कडी सैल होती, बाबा.

तुमची
भिंगरी


१७ सप्टेंबर

बाबा,

वहिनीचं कार्ड आलं. तिनं लिहिलंय की ती पत्र वाचायला लागल्यावर मामंजींनी उठून पंखा बंद केला, कारण तो आवाज करतो. आणि घुर्रर्र आवाजाचं वाक्य परत वाचायला लावलं. वहिनी, मी ते कार्ड चार वेळा वाचलं. मोठ्यानं.

आता वाईट बातमी. लपवायचं ठरवलं होतं, पण लपवायला पान पुरत नाही.

मी राख घातली. गवताच्या बुंध्यांमधून जे बारीक बोगद्यासारखे रस्ते असतात तिथं, तुम्ही दाखवायचात तसे शोधून. दोन्ही हातांनी ओतली, म्हटलं कंजुषी नको. सकाळी जाऊन बघते तर ठसे. मी तिथंच नाचले. बाईंना ओढत आणलं, फोटो काढायला लावला, आणि तो तपासनिसांना पाठवल्याशिवाय चहा पिऊ दिला नाही. बाई म्हणत होत्या, जरा भिंगातून बघू. मी म्हटलं, भिंग कशाला, तीन बोटं मला लांबून दिसतात.

दुपारी उत्तर आलं. "चार बोटं. लावा. धन्यवाद."

मग भिंगातून पाहिलं. पुढं तीन बोटं, आणि मागं चक्क एक खूण. प्रत्येक ठशात. लाव्याला मागचं बोट असतं, तीनबोटीला नसतं, हे तर तुम्ही मला बोटं मोजायला यायच्या आधी शिकवलंत. तिच्या नावातच ते आहे. आणि तरी मी चार बोटांचा फोटो ओरडून ओरडून पाठवला.

बाईंनी माझ्यासाठी दुसरा कप ओतला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. राखणदार म्हणाला, चला, निदान मोटारसायकल नाही हे तरी ठरलं.

पण बाबा, आवाज तिचाच आहे. लावा असा घुमत नाही. आणि उडतानाही बघा, लावा एकदा उठला की फर्रकन लांब सरळ जातो. ही माझ्या पायाखालून उठते, गवताच्या टोकांवरून चार-पाच पावलं जाते आणि दगडासारखी पडते, मग दुसऱ्यांदा उठतच नाही, पळते. काल तर मी तिच्यावर पाय देणार होते. मान खाली, पाठ वाकलेली, डोळा पांढुरका. मी पाहिलाय डोळा. पण माझा डोळाही पुरावा नाही.

मग मागचं बोट आलं कुठून?

वहिनी, हे विचार त्यांना. माझं नाव न घेता विचारता आलं तर तसं विचार. एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलंय म्हण. नाही, नको, त्यांना कळेल. सरळ विचार.

भिंगरी


२६ सप्टेंबर

बाबा,

वहिनीनं तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहून पाठवलंय. मी ते इथं परत लिहिते, कारण तीन वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात आणि मला ते माझ्या अक्षरात हवंय.

"तिला म्हणावं, राख ओतलीस की टाकलीस? जाड ओल्या राखेत टाच रुतते. ते बोट नव्हे, टाच आहे. फुंकर मारली तर उडेल इतकीच टाक. आणि दव वाळल्यावर, उन्हं आल्यावर."

खाली वहिनीचं एक वाक्य आहे, की एवढं सांगून मामंजी दुकानात जाऊन बसले आणि दादाचे नट संध्याकाळपर्यंत मापाप्रमाणे लावून दिले.

तुम्ही रागावला होतात की नव्हतात हे मला त्यातून कळलं नाही. पण राखेबद्दल कळलं.

मी बाईंची चहाची गाळणी घेतली. (ती आता राखेचीच झाली, नवी आणायची आहे.) उन्हं चढल्यावर पायवाटेवर इतकी हलकी राख चाळली की खालची माती दिसत होती. दुपारी चारला गेले. या वेळी नाचले नाही. आधी बाईंना भिंग दिलं, मग त्यांनी पाहिलं, मग मी.

तीन बोटं. मागं काहीच नाही. बाणाची टोकं एकामागोमाग ठेवत कुणी गेलंय असं. बाई तशाच गुडघ्यांवर बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुझे वडील कोण आहेत?" मी सांगितलं, जाळेवाले. पाखरं धरायचे. मला वाटलं त्यांचं तोंड वाकडं होईल. त्यांनी विचारलं, ते अजून काय काय सांगतील?

मग त्या ठशांच्या मागून गेले आणि परवा घरटं सापडलं. गवताच्या झुबक्याखाली, वरून गवताचंच छप्पर, आत चार अंडी. वर बसलेलं पाखरू अगदी मळकट रंगाचं. राखणदार माझ्या मागं होता, तो हळूच म्हणाला, आई बसलीय. मी म्हटलं, आई नाही, बाप आहे. यांच्यात मादी मोठी, रंगानं उठून दिसणारी, गळा काळा. तीच घुमते, तीच दुसऱ्या मादीशी भांडते, अंडी घालते आणि चालू लागते. बसतो तो बाप. पिल्लंही तोच सांभाळतो. राखणदारानं वाकून पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, पगार कोण आणतं?

वहिनी, हे दादाला मुद्दाम वाचून दाखव.

ठशांचा फोटो तपासनिसांना पाठवला. ते म्हणतात, तीन बोटं मान्य, पण एक चुकार पाखरू वाऱ्यानं आलेलं असू शकतं. घरट्यावरच्या मळकट पाखराचं ते म्हणतात, ही लाव्याची मादी दिसते. तीन तारखेला सकाळी सात वाजता स्वतः येतील आणि स्वतःच्या डोळ्यांनी काळ्या गळ्याची मादी पाहतील, तरच जोडी इथं घरटं करते हे मानतील, नाहीतर लावाच लिहून जातील. त्यांच्याकडे फक्त एक तास आहे.

आणि मादी तासाभरात दिसत नसते. बोलवावी लागते. तुमच्याकडे पिंजऱ्यात हाकेची मादी असायची, ती घुमली की रानातली भांडायला धावत यायची. आणि पिंजऱ्यातली आजारी असली की तुम्ही स्वतः घुमायचात. मला ते कधीच जमलं नाही. लहानपणी मी घुमले की तुम्ही म्हणायचात, म्हैस हरवली का कुणाची. मी रोज संध्याकाळी करून बघते. घसा बसलाय. एकही येत नाही. सात दिवस राहिलेत.

आता ते दुसरं. कडी सैल नव्हती, बाबा. मी उघडली.

त्या दिवशी तुम्ही दादाला म्हणालात की हिला जाळं शिकवून काय उपयोग, ही एका जागी बसायची नाही. मी दाराआड होते. मी गेले आणि कडी काढली. ती बाहेर आली, दोन पावलं चालली आणि परत पिंजऱ्याच्या सावलीला जाऊन बसली. मला तिला हुसकावून लावावं लागलं. वाईट ते वाटतं. उघडल्याचं नाही वाटत. हुसकावल्याचं वाटतं. नंतर मीही गेले.

वहिनीनं मागं एकदा मला कळवलं होतं की तुम्ही पुन्हा पाखरू पाळलं नाही, जाळंही काढून ठेवलंत. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. काय देणार होते?

भिंगरी


४ ऑक्टोबर

बाबा,

जिंकलो.

आधी हेच लिहिते, नाहीतर मी कुठंतरी भरकटेन आणि तुम्ही वहिनीला म्हणाल, पुढचं वाच, पुढचं. माळ वाचला. उत्तरेच्या कुंपणापासून धावपट्टीपर्यंत सगळा. आता सावकाश सांगते.

तपासनीस सातला पाच कमी असताना आले. मी समजत होते मोठे जाडजूड असतील, तर अगदी बारीक माणूस, नव्या बुटांचा. त्यांनी नमस्कार केला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, दाखवा. आधी राखेतले ठसे दाखवले. ते बराच वेळ वाकून बघत होते. वाईट माणूस नाही, बाबा. म्हणाले, ठसे चांगले आहेत, पण चुकार पाखराचेही असू शकतात. मादी?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही झुबक्याझुबक्यांतून अर्धा तास चाललो. दोन वेळा काहीतरी उठलं, दोन्ही वेळा चंडोल. साडेसात. मग पावणेआठ. त्यांनी फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. मला टोपणाचा टक आवाज ऐकू आला.

मी म्हटलं, साहेब, पाच मिनिटं, मी बोलावते. आणि उभ्यानंच घुमले. म्हशीसारखीच. राखणदारानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. दुसऱ्यांदा केलं तर आवाज फुटला. तपासनीस म्हणाले, "राहू द्या, ताई. तुम्ही मेहनत घेतलीत." ते फारच चांगल्या शब्दांत म्हणाले. मी मटकन खाली बसले, उकिडवी, छाती गुडघ्यांवर दाबली गेलेली. आणि काय करावं न कळून तसंच तोंड मिटून पुन्हा घुमले.

आवाज वर आलाच नाही, बाबा. तो खाली गेला, पायांतून, जमिनीवरून. माझ्या दातांत घुर्रर्र वाजलं. तुम्ही नेहमी उकिडवे का बसायचात ते मला तिथं कळलं. मला वाटायचं, लपायला.

मी थांबले. काही नाही. पुन्हा केलं. डावीकडचं गवत हललं, वाऱ्याच्या उलट.

ती धावत आली. मान खाली घालून, पिसं फुगवून, तिच्या घरात ही कोण घुसली हे बघायला. काळा गळा, तांबूस पाठ, तो पांढुरका डोळा. माझ्याकडं पाहिलंच नाही. मी एवढी मोठी, मी कशी मादी वाटणार? तिला तपासनिसांच्या बुटाचा संशय आला. बुटासमोर उभी राहिली, छाती काढून एकदा घुमली आणि नाडीवर दोनदा चोच मारली.

कुणीही हललं नाही. तपासनिसांनी श्वासही घेतला नसावा. तिनं बुटाला गोल फेरी मारली, जिंकल्यासारखी, आणि गवतात गेली. मग त्यांनी हळूच पाय उचलला. खाली मऊ मातीत ठसे. तीन बोटं. त्यांनी स्वतः मोजली, बोट लावून. एक, दोन, तीन.

नंतर लांबूनच दुर्बिणीतून घरटं दाखवलं. तपासनीस विचारत होते, मग ही बसलेली तिची कोण? बाई उत्तर देणार तेवढ्यात राखणदार पुढं आला. "तो नवरा आहे, साहेब. या जातीत तसंच असतं." असा म्हणाला जणू चाळीस वर्षं त्यानंच शिकवलंय.

तपासनिसांनी आधीच 'लावा' लिहून ठेवलं होतं. ते खोडलं, शेजारी दुर्लावा लिहिलं आणि खोडल्याच्या बाजूला सही केली. मग मला विचारलं, ही ओळख तुम्ही कुठं शिकलात? रकाना असतो त्याचा, विद्यापीठाचं नाव लिहायचा. मी म्हटलं, वडिलांकडे. त्यांनी विचारलं, त्यांचा हुद्दा? मी सांगितलं. त्यांनी तसंच लिहिलं, मी वाचून घेतलं: "जाळेवाले. पिढीजात अनुभव." कचेरीच्या कागदावर, बाबा, शिक्का मारून. त्याची नक्कल बाईंनी मला दिली, ती सोबत पाठवतेय. वहिनी, ती त्यांच्या हातात दे. वाचता येत नाही म्हणून काय झालं, शिक्का कळतो.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, इथंच राहशील का? मोजणी आता दर वर्षी होणार, माळाला माणूस लागेल. मी विचार करते म्हटलं आणि तिथल्या तिथे कागदावर सही केली. म्हणजे मी राहणार आहे. एका जागी. दादाला सांगा, पैज लावली असेल तर हरला.

बेकरीवाला आज राखेचं पोतं घेऊन स्वतः आला, म्हणाला की गावात बूट टोचणाऱ्या पाखराचीच चर्चा आहे. मी त्याला म्हटलं, आता राख पुरे, नवी गाळणी आण. तर तो

वहिनी,

इथून पुढचं तुझ्यासाठी. हे कुणाला वाचून दाखवू नकोस, कारण ज्यांना दाखवायचं ते घरी नाहीत. तू त्यांना शोधत असशील, घाबरली असशील, म्हणून आधी सांगते: ठीक आहेत.

आत्ता राखणदार धावत आला. फाटकाशी एक म्हातारे आलेत, वहीत नाव लिहायला तयार नाहीत. विचारलं तर म्हणतात, आधी माळ दाखवा, नाव मग सांगतो. मी खिडकीतून पाहिलं. टोपी नाही, एक पिशवी आणि चपला हातात. वहिनी, बस कुठली हे त्यांना कुणी वाचून दाखवलं? दोन बदलाव्या लागतात. स्टँडवर कुणाकुणाला विचारलं असेल त्यांनी, ज्यांनी मला तीन वर्षं काही विचारलं नाही?

राखणदार सांगतोय, त्यानं त्यांना म्हटलं की तपासणी काल झाली, तुम्हाला उशीर झाला. तर ते म्हणाले, "झाली? मग तिला घुमता आलं?" तो म्हणाला, आलं, बुटाला चोच मारली पाखरानं. त्यावर ते तिथंच रस्त्याकडेला बसले, वहिनी, आणि हसायला लागले. मला इथपर्यंत ऐकू येतंय. मी इतकं मोठं हसणं त्यांचं कधी ऐकलं नाही.

दादाला सांग, काळजी करू नको. पत्र बाईंच्या टेबलावर टाकून जातेय, त्या पाकिटात घालतील. मी चालले फाटकाकडे.